चाळिशीत पुन्हा लेथवर : अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचं मेकॅनिकल टेक्नॉलॉजी

कर्कटक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, हा माझा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

गेल्या मे महिन्यात माझं मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी पूर्ण झालं, ओहायोतल्या एका मध्यम शहराच्या कम्युनिटी कॉलेजातून. वय ४३. त्यानंतर एकाच आठवड्यात तीन मैत्रिणींनी ‘मी पण करू का गं?’ विचारलं. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते.

माझी पार्श्वभूमी : दहावीनंतर कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा, २००१ साली. डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयरला जायचं होतं, पण घरात तेव्हा पैसे नव्हते. चार वर्षं ड्राफ्टिंगची नोकरी केली, मग लग्न, मग एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, अमेरिका. त्या व्हिसावर शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर इंटर्नशिपसुद्धा करता येत नाही. मग मुली झाल्या, रांगेत वर्षं गेली, ग्रीन कार्ड आलं तेव्हा धाकटी पाचवीत होती. तोवर डिप्लोम्याच्या मार्कशीटवर बुरशी धरली होती, अक्षरशः.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कम्युनिटी कॉलेज म्हणजे इथली दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. पहिलं इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ मध्ये निघालं. स्थानिक रहिवाशाला फी कमी, प्रवेशाला कट-ऑफ नाही, संध्याकाळचे वर्ग भरपूर. माझी पदवी ‘असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स’, साधारण ६०-६५ क्रेडिटची. त्यात स्टॅटिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स, मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेस, सॉलिडवर्क्स (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर), सीएनसी (संगणकाने चालणारी मशीन), हायड्रॉलिक्स-न्यूमॅटिक्स, पीएलसीची (मशीनचं स्वयंचलित नियंत्रण) तोंडओळख आणि शेवटी एक प्रोजेक्ट. गणित बीजगणित-त्रिकोणमितीचं, कॅल्क्युलस नावापुरतं.

आता ज्या दोन ठिकाणी ठेच लागली तेवढं सांगते.

पहिली, जुन्या डिप्लोम्याची किंमत. गुणपत्रकांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. आपला डिप्लोमा दहावीनंतरचा, त्यामुळे ज्या संस्थेकडून मी ते करून घेतलं त्यांनी त्यातला मोठा भाग हायस्कूलच्या बरोबरीचा धरला. तीन वर्षं, सहा सेमिस्टर, ते सगळं जर्नल आणि सबमिशन, आणि हातात पडली ९ क्रेडिट. तीही भावाने कराडहून जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तिका शोधून स्कॅन करून पाठवली म्हणून. एक दिवस रडले. दुसऱ्या दिवशी प्लेसमेंट टेस्टसाठी बीजगणित काढलं.

दुसरी ठेच गमतीची. ड्रॉइंगचा पहिला तास. मला वाटलं, इथे आपण राजे. शीटमेटलचा एक ब्रॅकेट दिला होता, त्याचे तीन व्ह्यू झरझर काढून सगळ्यांच्या आधी कागद दिला. सरांनी पाहिला, उलटा धरून पाहिला, परत सुलटा केला. म्हणाले, तुझा ब्रॅकेट आरशातला आहे. मी फर्स्ट अँगलमध्ये काढला होता! आपल्याकडे डावीकडून दिसणारा व्ह्यू उजवीकडे काढतात, इथे थर्ड अँगल, डावीकडचा डावीकडेच. वीस वर्षांनी पेन्सिल धरली तरी हाताला कराडचीच सवय. त्या कागदावरून खरंच पत्रा वाकवला असता तर सगळे तुकडे उलट्या हाताचे निघाले असते.

तर हे असं. विचारा काय विचारायचं ते.

रिकामटेकडा

पहिला!

(आता वाचतो.)

रिकामटेकडा

वाचलं. आरशातला ब्रॅकेट ही आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांची जीवनकहाणी आहे. लिहीत राहा ताई.

टूलरूम_भोसरी

लेख आवडला. मी आयटीआय, मग अप्रेंटिस, मग ३४ वर्षं टूलरूममध्ये. आता निवृत्त.

फर्स्ट आणि थर्ड अँगलचा घोळ आमच्याकडे रोजचा होता. भारतीय मानकानुसार फर्स्ट अँगल, पण अमेरिकन गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग आलं की थर्ड. म्हणून नवीन पोराला पहिली सवय लावायचो : कागद हातात घेतला की आधी टायटल ब्लॉकमधला, म्हणजे कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतला, तो कापलेला शंकू बघ, कुठला अँगल ते त्या खुणेवरून कळतं, मग बाकीचं. एकदा एकाने बघितला नाही आणि डायचा इन्सर्ट उलटा बसला. स्टील गेलं, दोन दिवस गेले, आणि पोरगं आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत आमच्यात बसलं नाही.

मला एक विचारायचं आहे. तिथे अजून इंचातच चालतं का? आपल्याकडे कागदावर मिलिमीटर आले तरी जुने फिटर तोंडाने ‘दीड सूत काढ’ असंच म्हणायचे. आठ सूत म्हणजे एक इंच. नव्या इंजिनिअर पोरांना सूत सांगितलं की ती कापसाचं समजायची.

कर्कटक

काका, इंचच! आणि तेही तीन प्रकारचे. सुतारकामासारखं मोठं काही असेल तर अपूर्णांकात, मशीनवर आलं की ‘थाऊ’, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि ग्राइंडिंगला आलं की त्याचाही दहावा. मायक्रोमीटर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकणार असं गृहीत धरून वाचत होते. इथल्यावर इंचाला ४० आटे, एक फेरा म्हणजे २५ थाऊ. पहिल्या चाचणीत दहातली चार मापं चुकली. बाजूला बसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणाला, मॅम, तुम्हाला वाचता येतं, पण तुम्ही दुसऱ्याच भाषेत वाचताय.

अर्थात इथल्या कारखान्यांत मेट्रिकही भरपूर आहे. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्यांकडे मिलिमीटर, विमानांचे भाग करणाऱ्यांकडे इंच. डोक्यात दोन्ही ठेवावी लागतात.

नाशिककर_बाबा

ताई, माहितीपूर्ण धागा. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मुलाची बारावी झाली, पीसीएमला ५८ टक्के. सीईटी यथातथाच. इथे एका सल्लागाराने सुचवलं की अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला हेच मेकॅनिकल टेक्नॉलॉजी दोन वर्षं करायचं, मग मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला, खर्च निम्मा. शिवाय दोन वर्षांनी नोकरीची परवानगी मिळते असंही म्हणाला. पैसे जमवता येतील, एक प्लॉट आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

डेट्रॉइटी

काका, प्लॉट विकू नका. निदान हा प्रतिसाद वाचून होईपर्यंत तरी.

मी २२ वर्षं मिशिगनमध्ये वाहन उद्योगात आहे, नोकरीसाठी मुलाखती घेतो. थोडं कडवट लिहितोय, ताईंनी वाईट वाटून घेऊ नये.

इंजिनिअरिंग आणि इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अबेट नावाची संस्था मान्यता देते, तिच्याच आत इंजिनिअरिंगला वेगळं मंडळ आणि टेक्नॉलॉजीला वेगळं मंडळ. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत इंजिनिअर पदासाठी टेक्नॉलॉजीची पदवी आपोआप धरली जात नाही. प्रोफेशनल इंजिनिअरचा परवाना हवा असेल तर काही राज्यं टेक्नॉलॉजीच्या चार वर्षांच्या पदवीवर देतात पण अनुभवाची वर्षं वाढवून मागतात, काही राज्यं दारातच उभं करत नाहीत. आणि हे चार वर्षांच्या पदवीचं झालं. दोन वर्षांचं असोसिएट म्हणजे टेक्निशियन.

पगारातही दिसतं. सरकारी आकडेवारीत २०२३ साली मेकॅनिकल इंजिनिअरचा मध्यम पगार वर्षाला सुमारे ९९ हजार डॉलर, टेक्नॉलॉजिस्ट-टेक्निशियनचा सुमारे ६४ हजार.

आता तुमच्या सल्लागाराचं गणित. तो दोन वेगळे रस्ते एकत्र करून सांगतोय. विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचा रस्ता कम्युनिटी कॉलेजातून आहे, आणि चांगला आहे, पण तो ‘असोसिएट ऑफ सायन्स’चा, ज्याला प्री-इंजिनिअरिंग म्हणतात. त्यात कॅल्क्युलसचे तीन भाग, डिफरन्शिअल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स, केमिस्ट्री. ताईंनी केलं ते ‘अप्लाइड सायन्स’. नावात एक शब्द जास्त, आणि त्या शब्दाने इंजिनिअरिंग विद्यापीठात जवळजवळ सगळी तांत्रिक क्रेडिट गळतात. सीएनसी आणि हायड्रॉलिक्स ते घेत नाहीत, बीजगणितावरचं स्टॅटिक्सही घेत नाहीत.

व्हिसाचं : एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, पदवीनंतर बारा महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वर जे २४ महिने मिळतात ते बॅचलर्स किंवा वरच्या पदवीला. असोसिएटला नाहीत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठीसुद्धा बॅचलर्स किंवा त्याच्या बरोबरीचं काहीतरी लागतं. म्हणजे मुलगा दोन वर्षं परदेशी विद्यार्थ्याची फी भरणार, बारा महिने काम करणार, पुढे भिंत.

नाशिककर_बाबा

हे सल्लागाराने सांगितलं नव्हतं. धन्यवाद. रात्री सावकाश पुन्हा वाचतो.

कर्कटक

डेट्रॉइटी, वाईट वाटलं नाही. व्हिसाबद्दल आणि अप्लाइड या शब्दाबद्दल अक्षर न् अक्षर बरोबर. बाबा, मी हे शिकू शकले कारण ग्रीन कार्ड हातात होतं, घर इथेच होतं, फी स्थानिक रहिवाशाची होती आणि पदवीनंतर कुणाकडे परवानगी मागायची नव्हती. यातली एकही गोष्ट तुमच्या मुलाकडे नसेल. या धाग्यावरून त्याला पाठवू नका हो.

पण एक जोडते. अप्लाइडवाल्यांनाही पुढचा रस्ता आहे, फक्त इंजिनिअरिंगचा नाही, टेक्नॉलॉजीच्या बॅचलर्सचा. पर्ड्यूला, रॉचेस्टर इन्स्टिट्यूटला मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची चार वर्षांची पदवी आहे. आपल्या कॉलेजाचा कोणाशी लेखी करार आहे ते पहिल्याच सेमिस्टरला विचारायचं, शेवटच्या नाही. मी तिसऱ्याला विचारलं. एक गणिताचा कोर्स ‘टेक्निकल मॅथ’ म्हणून घेतला होता, तो पुढे चालत नाही असं कळलं. त्याऐवजी प्रीकॅल्क्युलस पुन्हा केलं. एक सेमिस्टर, तेवढीच फी, आणि नवऱ्याचे टोमणे.

आणि ‘टेक्निशियन’ हा शब्द तुम्ही ज्या सुरात लिहिलात त्यावर मला बोलायचं आहे, पण आता मुलीला पोहायला सोडायचं आहे. रात्री येते.

डेटनवाला

ओहायोचा विषय निघालाय तर राहवत नाही.

आमच्या डेटनचं सिंक्लेअर कॉलेज १८८७ मध्ये वायएमसीएच्या संध्याकाळच्या वर्गांतून सुरू झालं. पंचावन्न विद्यार्थी होते आणि शिकवायचे जमाखर्च आणि ड्रॉइंग. गंमत म्हणजे मुंबईत व्हीजेटीआय सुरू झालं तेही १८८७. दिवसभर कारखान्यात हात काळे करून आलेल्या माणसाला संध्याकाळी ड्रॉइंग वाचायला शिकवायचं, ही कल्पना तेव्हापासूनची.

आणि टेक्निशियनचं म्हणाल तर राइट बंधूंच्या विमानाचं इंजिन चार्ली टेलरने केलं, त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या मेकॅनिकने. लेथ, ड्रिल प्रेस आणि हातातली हत्यारं, एवढ्यावर सहा आठवड्यांत. क्रँकशाफ्टसाठी फोर्जिंग नव्हतं, म्हणून स्टीलच्या जाड पाटावर आकार आखला, आखणीच्या कडेने भोकंच भोकं पाडली, छिन्नी-हातोड्याने जादा माल पाडला आणि उरलेलं लेथवर धरून वळवलं. क्रँककेस ॲल्युमिनिअमची ओतून घेतली, वजन वाचावं म्हणून. १९०३ मध्ये ते उडालं. पदवी कोणाकडेच नव्हती.

डेट्रॉइटी

चार्ली टेलरला आज आमच्या एचआरच्या पोर्टलने पहिल्याच पानावर बाद केलं असतं. मी ते पोर्टल बनवलेलं नाही. मी फक्त सांगतोय की ते आहे.

टूलरूम_भोसरी

भोकं पाडून माल काढायची पद्धत आम्हीही करायचो, वायर कट, म्हणजे तारेने धातू कापणारं मशीन, यायच्या आधी. डायच्या प्लेटला खिडकी काढायची तर चारी बाजूंनी ड्रिलची माळ. मग शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून कानस. दोन दिवस कानस. आता मशीन रात्रभर आपोआप करतं आणि ऑपरेटर मोबाइल बघतो.

मास्तर_यंत्रविभाग

मी एका तंत्रनिकेतनात शिकवतो. तुलना वाचताना एक गोष्ट सांगावीशी वाटली.

आपला डिप्लोमा आणि तिथलं असोसिएट हे जवळचे नातेवाईक आहेत, पण वंशावळ वेगळी. आपला मुलगा सोळाव्या वर्षी येतो, तिथला किमान अठराव्या. आपल्या सहा सेमिस्टरांत भाषा आणि मूलभूत विज्ञानही कोंबलेलं असतं, म्हणून तिकडचा मूल्यांकन करणारा म्हणतो की हे तर आमच्या हायस्कुलातलं. ते सर्वस्वी चूकही नाही. आंतरराष्ट्रीय करारसुद्धा तीन पायऱ्यांचे आहेत : इंजिनिअरच्या पदवीसाठी वॉशिंग्टन करार, टेक्नॉलॉजिस्टसाठी सिडनी, टेक्निशियनसाठी डब्लिन. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन करारात आहे, तो बीई-बीटेकसाठी. डिप्लोम्याचा त्याच्याशी संबंध नाही.

माझी विद्यार्थ्यांना एकच विनंती असते : अभ्यासक्रमाची पुस्तिका फेकू नका. स्कीम बदलली की ती कुठेच मिळत नाही. वीस वर्षांनी कोणीतरी फोन करतं, सर, आमच्या वेळचा सिलॅबस आहे का. कपाट उघडून शोधतो, बहुतेक वेळा नसतो.

ओंटारिओकर

कॅनडाचं चित्र थोडं वेगळं, म्हणून दोन ओळी. इथे ओंटारिओत टेक्निशियनचा दोन वर्षांचा डिप्लोमा आणि टेक्नॉलॉजीचा तीन वर्षांचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा असे दोन्ही असतात. तीन वर्षांचं करून, अनुभव घेऊन सर्टिफाइड इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट (सीईटी, तुमची प्रवेश परीक्षा नव्हे) ही उपाधी नावापुढे लावता येते, आणि तिला इथे बऱ्यापैकी मान आहे. माझ्या टीममधला सगळ्यात जास्त ऐकला जाणारा माणूस सीईटी आहे, मी पी.इंज., म्हणजे परवानाधारक इंजिनिअर, असून त्याला विचारून सही करतो.

पण नाशिककर बाबा, ‘मग कॅनडा’ असं लगेच म्हणू नका. २०२४ पासून विद्यार्थी व्हिसावर मर्यादा आली, त्याच वर्षी नोव्हेंबरपासून कॉलेजवाल्यांच्या वर्क परमिटला अभ्यासक्रमाच्या विषयाची अट आली. नियम वर्षातून दोनदा बदलतात. एजंटचं माहितीपत्रक छापून येईपर्यंत शिळं झालेलं असतं.

सखी_ओहायो

कर्कटक, मी एच-४ वर आहे, बीएस्सी फिजिक्स. मुलं सात आणि नऊ. मला तांत्रिक नको, संसारी उत्तरं हवीत. संध्याकाळी स्वयंपाक कोण करायचं? वर्गात बायका किती? आणि शॉपमध्ये मंगळसूत्र घालून जाता येतं का? हसू नका, सासूबाई इथेच आहेत.

कर्कटक

आले.

सखी, आधी तुझं. वर्गात आम्ही बावीस जण, त्यात बायका तीन. एक सैन्यातून आलेली, तिची फी सरकार भरत होतं. एक सतरा वर्षांची हायस्कूलची मुलगी. ओहायोत हायस्कुलात असतानाच कॉलेजचे कोर्स फुकट करता येतात. आणि मी. पुरुषांत अर्धे असे की दिवसा मशीनवर काम करून संध्याकाळी साडेपाचला वर्गात. त्यांची फी कंपनी भरायची, वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत कंपनीने दिलेल्या फीवर आयकर लागत नाही, म्हणून बरेच मालक तेवढ्यापर्यंत देतात. तुला पुढेमागे नोकरी लागली तर हे पहिल्या दिवशी विचार.

मंगळसूत्र : नाही. गळ्यात काही नाही, बांगड्या नाहीत, अंगठी नाही, बाह्या कोपराच्या वर, केस बांधून टोपीत. सांगितलं नसतं तरी मी काढलंच असतं, पहिल्याच आठवड्यात लेथचा चक, म्हणजे तुकडा धरून गरगर फिरवणारी पकड, फिरताना बघितला की कळतं. मी चष्म्याच्या डबीत ठेवून डबी पर्समध्ये. एकदा तशीच घरी आले, व्हिडिओ कॉल चालू होता, सासूबाईंना आधी मोकळा गळा दिसला. मग त्यांना लेथचा व्हिडिओ दाखवला. त्या म्हणाल्या, डबी ठीक आहे, पण डबी हरवू नकोस, दोन तोळे आहेत. विषय संपला.

स्वयंपाक : सोमवार-बुधवार नवरा. पहिलं वर्ष खिचडी आणि फ्रोझन पराठे. मुली कुरकुरल्या, मेल्या नाहीत.

एच-४ चा मुद्दा मात्र नीट बघ. शिकायला आडकाठी नाही. नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल ठराविक टप्प्याला गेली असेल तर २०१५ पासून एच-४ ला वर्क परमिट मिळू शकतं, ते मिळतंय का हे आधी तपास. ते नसेल तर इंटर्नशिप नाही, आणि या कोर्सात इंटर्नशिपच नोकरीला लावते.

आता डेट्रॉइटींच्या त्या शब्दाकडे येते.

दुसऱ्या वर्षी जिओमेट्रिक टॉलरन्सिंगचा, म्हणजे आकारात आणि जागेत किती फरक चालेल ते ड्रॉइंगवर सांगायच्या पद्धतीचा, कोर्स होता. शिकवणारे गृहस्थ पस्तीस वर्षं तपासणी विभागात काढलेले. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढला. म्हणाले, भोकाची जागा अधिक-उणे पाच थाऊ दिली की मध्यबिंदूला फिरायला हा चौकोन मिळतो, दहा थाऊ बाजूचा. मग कोपऱ्यातला एक बिंदू दाखवून विचारलं, हा पास का? पास. बिंदू मध्यापासून किती लांब? सात थाऊ. मग त्यांनी तेवढंच अंतर सरळ उजवीकडे मोजलं. आता बिंदू चौकोनाबाहेर. हा? नापास. बोल्टला माहीत आहे का, की तो तिरका सरकलाय की सरळ?

वर्ग गप्प. मग त्यांनी चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ काढलं, चौदा थाऊ व्यासाचं. क्षेत्रफळ ५७ टक्क्यांनी जास्त. त्या जादा जागेत बसणारा चांगला माल आपण अधिक-उणेच्या भाषेत भंगारात टाकत होतो.

कराडला आम्ही अधिक-उणेच शिकलो होतो. चार वर्षं ड्राफ्टिंग केलं तेही तसंच. त्या रात्री गाडीत बसून मी पार्किंगमध्येच दहा मिनिटं हिशेब करत राहिले, मी काढलेल्या ड्रॉइंगांवरून किती तुकडे फुकट गेले असतील.

नोकरीचं. पहिल्या दोन ठिकाणी फोनवरच अडलं. संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या कारखान्यांत निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यामुळे साधारणपणे अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले घेतात. मी चालत होते, पण एका ठिकाणच्या बाईंनी माझं नाव ऐकून कागद न बघताच फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी वय. तिसरीकडे लागले, साठ माणसांचा मशिन शॉप, क्वालिटी टेक्निशियन, ताशी २६ डॉलर. सीएमएम, म्हणजे तुकड्याची मापं घेणारं यंत्र, चालवते, पहिला तुकडा तपासून मगच लॉट सोडते.

तिसऱ्या महिन्यात एका गिऱ्हाईकाकडून आलेल्या ड्रॉइंगवर एका इंजिनिअरने भोकाची जागा भोकाच्या मापापेक्षाही घट्ट टॉलरन्सने मागितली होती, आणि डेटम म्हणून, म्हणजे जिथून मापं घ्यायची तो आधार म्हणून, निवडला होता ओतीव, न मशिन केलेला पृष्ठभाग. त्यावर तुकडा दरवेळी वेगळा बसणार, दरवेळी वेगळं माप येणार. मी तीन वेळा मोजून तीन वेगळे आकडे पाठवले. त्याने फोन केला, आवाज चढवून. मी म्हटलं, साहेब, तुकडा टेबलावर डुलतोय, तुम्हीच सांगा कुठला आकडा लिहू. पुढच्या आठवड्यात ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती आली.

तो बीएस, मी असोसिएट. मला त्याचं काम येत नाही. फटीगचं विश्लेषण, कंपनं, ते तुम्ही लोक करा. पण त्याचा कागद आणि धातू यांच्यामध्ये कोणीतरी उभं असावं लागतं, आणि तिथे उभं राहायला शिकवणारा कोर्स हा आहे. त्याला अर्धवट इंजिनिअरिंग म्हणू नका एवढंच.

रिकामटेकडा

‘तुकडा टेबलावर डुलतोय’ हे मी उद्यापासून ऑफिसात सॉफ्टवेअरच्या मीटिंगमध्ये वापरणार. परवानगी असावी.

डेट्रॉइटी

कास्ट सरफेस डेटम म्हणून घ्यायचा असेल तर निदान डेटम टार्गेट द्यायचे असतात, तीन ठरावीक बिंदू. त्याने ते दिले नाहीत, चूक त्याची. असा फोन मलाही एकदा आला होता, पंधरा वर्षांपूर्वी, एका टूलमेकरचा. तो तुमच्याइतका सभ्य नव्हता.

सूर मागे घेतो. आकडे आणि व्हिसा मागे घेत नाही.

सुचवणी म्हणून : टेक्नॉलॉजीचं बॅचलर्स करणार असाल तर ते मान्यताप्राप्त आहे ना ते अबेटच्या यादीत स्वतः तपासा, आणि शेवटच्या वर्षातच एफई, म्हणजे इंजिनिअरच्या परवान्याची पहिली परीक्षा, देऊन टाका, तुमच्या राज्याचं मंडळ बसू देत असेल तर. ११० प्रश्न, सहा तासांचा मामला. स्टॅटिक्स डोक्यात ताजं असताना सोपं जातं.

नाशिककर_बाबा

सर्वांचे आभार. मुलाला धागा वाचायला दिला. त्याने तो चौकोन-वर्तुळाचा भाग दोनदा वाचला, बाकीचा वाचला की नाही माहीत नाही. म्हणतोय, इथेच डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयरला बारावीवर प्रवेश मिळतो तो बघू या, नंतर बीई. सातपूरला माझ्या ओळखीच्या एकांची वर्कशॉप आहे, सुट्टीत तिथे जायला लागला आहे. प्लॉट आहे तिथेच आहे.

मास्तर_यंत्रविभाग

उत्तम. आणि बाबा, पुस्तिका जपून ठेवायला सांगा.

टूलरूम_भोसरी

कर्कटकताई, कॉलेजने काय शिकवलं ते बघू. पाव इंच, इंचाला वीस आटे, भोकात आटे पाडायला टॅप मारायचा आहे. ड्रिल कोणता लावाल? चार्ट न बघता.

कर्कटक

सात नंबर, काका. २०१ थाऊ. भिंतीवरच्या चार्टवर त्याच ओळीला सगळ्यांची बोटं लागून काळा डाग पडलाय.

टूलरूम_भोसरी

बरोबर. आमच्याकडे नंबर ड्रिल कुठले मिळायला, आम्ही ५.१ मिलिमीटर लावायचो, तोच तो. आता तीन अष्टमांश, सोळा आटे?

कर्कटक

पाच सोळांश. म्हणजे तुमच्या भाषेत अडीच सूत!

टूलरूम_भोसरी

पास.

रिकामटेकडा

काका, मलाही एक विचारा ना. सोपं.

टूलरूम_भोसरी

टॅप उजवीकडे फिरवतात की डावीकडे?

रिकामटेकडा

...चालू द्या.